गावाचा पाऊस गावाने मोजावा : मराठवाड्यातील आपत्ती आणि नागरिक विज्ञान

धागालेखक : तावरजाकाठ (लातूर)

मराठवाड्यात आपत्ती दोन टोकांनी येते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरकरांना पिण्याचे पाणी पुरवावे लागले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच लातूरसह नांदेड, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या आणि हाताशी आलेले सोयाबीन पाण्याखाली कुजले. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत विभागात सरासरी सुमारे ६७९ मि.मी. पाऊस पडतो असे आपण वाचतो, पण सरासरीवर कोणाचे शेत पिकत नाही आणि सरासरीने कोणाच्या घरात पाणीही शिरत नाही. ओढ्याला पूर येतो तो त्याच ओढ्याच्या पाणलोटात पडलेल्या पावसाने.

पावसाची अधिकृत नोंद आपल्याकडे महसूल मंडळाच्या पातळीवर होते. ‘महावेध’ प्रकल्पामुळे मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सोय आहे. चोवीस तासांत ६५ मि.मी. हून अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात. परंतु एका मंडळात पंधरा-वीस गावे सहज असतात, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस शिवाराच्या एका अंगाला झोडपून दुसरे अंग कोरडे ठेवतो, हे शेतात राबणाऱ्या कोणाला सांगावे लागत नाही. दोन केंद्रांच्या मधल्या गावांत नेमके काय झाले, याची नोंद कोठेच राहत नाही.

ही पोकळी गावकरी स्वतः भरून काढू शकतात. सामान्य लोकांनी अशा शास्त्रीय नोंदी ठेवण्यालाच ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात, आणि त्याचा चांगला दाखला अमेरिकेत आहे. २८ जुलै १९९७ रोजी कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या शहरात ढगफुटीसारखा पाऊस होऊन पाच जण दगावले. शहराच्या एका टोकाला २५० मि.मी. हून अधिक, तर दुसऱ्या टोकाला ५० मि.मी. च्या आसपास पाऊस पडला होता, आणि हा फरक त्या रात्री कोणाच्याही यंत्रात दिसला नव्हता. नंतर तेथील विद्यापीठातील हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी नागरिकांना आवाहन करून घरोघरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा कोठे पावसाचे खरे चित्र उमटले. त्यातूनच १९९८ मध्ये ‘कोकोराझ’ हे स्वयंसेवकांचे जाळे सुरू झाले, आणि आज तेथील राष्ट्रीय हवामान सेवा या नोंदी पुराच्या इशाऱ्यांसाठी वापरते. चार इंच व्यासाचे प्लॅस्टिकचे मापक, ठरलेली वेळ आणि रोजची नोंद, एवढेच त्यांचे साहित्य आहे. पाऊस पडला नाही त्या दिवशीही ‘शून्य’ लिहायचे, हा त्यांचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. कोरा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की माणूस नव्हता, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही, आणि पावसाच्या खंडाचा हिशेब तर या शून्यांवरच उभा राहतो.

आपल्या गावात हे करायचे तर थोडी शिस्त पाळावी लागेल. मापक मोकळ्या जागेत असावे, म्हणजे जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. हवामान विभाग सकाळी साडेआठला नोंद घेतो, म्हणून आपणही तीच वेळ धरावी. दुपारच्या पावसाची नोंद आज काढून ती आजच्याच तारखेला टाकण्याचा मोह होतो, पण चोवीस तासांचा हिशेब साडेआठ ते साडेआठ असाच ठेवला तर आपला आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवता येतो.

पाऊस हे एक उदाहरण झाले. विहिरींची पातळी, ओढ्याचे पाणी, गारपीट, भूकंपाचे धक्के, अशा अनेक गोष्टी सामान्य माणूस नीट पद्धतीने नोंदवू शकतो. माझा मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. नुसती नोंद ठेवल्याने गाव आपत्तीतून वाचत नाही. अमुक आकडा दिसला की तमुक करायचे, हे ग्रामसभेत आधी ठरलेले असेल तरच त्या नोंदीला अर्थ आहे. आपापल्या भागातील अनुभव आणि आक्षेप दोन्ही मांडावेत, ही विनंती.

---

बालाघाट (बीड)

विषय अगदी वेळेवर काढला आहे. पुराची आठवण ताजी असल्याने सगळे पावसाबद्दल बोलतील, म्हणून मी दुष्काळाची बाजू मांडतो. पूर एका रात्रीत येतो आणि दिसतो. भूजल मात्र सहा महिने गुपचूप खाली जात असते, आणि फेब्रुवारीत मोटार हवा ओढू लागली की आपल्याला दुष्काळ आल्याचे कळते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक चार वेळा मोजते. जिल्ह्याचे आणि तालुक्याचे चित्र कळायला ते पुरेसे आहे. पण आपला खडक काळा बेसाल्ट आहे, त्यात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाड झिजलेल्या थरात, त्यामुळे एका बांधावरची विहीर तुडुंब आणि शेजारच्या बांधावरची कोरडी, असे सर्रास दिसते. गावाला स्वतःच्या पाण्याचा अंदाज हवा असेल तर गावातल्याच आठ-दहा विहिरी दर पंधरा दिवसांनी मोजाव्या लागतील.

हे काम आंध्र प्रदेशात मोठ्या प्रमाणावर झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तेथील सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी भूजल व्यवस्थापनाचा प्रकल्प राबवला. शेतकरी स्त्री-पुरुषच रोजचा पाऊस आणि ठरावीक दिवशी विहिरींची पातळी मोजत, आकडे गावातल्या भिंतीवरच्या फलकावर लिहीत, आणि रब्बीच्या तोंडावर सगळे एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडत. जमिनीत किती पाणी उरले आहे आणि लोकांनी मनात धरलेल्या पिकांना किती लागेल, हे दोन आकडे समोरासमोर ठेवले जात. कोणावरही सक्ती नव्हती, तरीही अनेक शेतकऱ्यांनी भाताखालचे क्षेत्र कमी केले, कारण तूट त्यांनी स्वतः मोजली होती. धागालेखकांनी सांगितलेली ‘आकड्यामागे निर्णय’ ही गोष्ट येथे प्रत्यक्ष घडलेली दिसते.

आपल्याकडे हिवरे बाजारने पाण्याच्या ताळेबंदाचा पायंडा पाडला. केंद्राच्या अटल भूजल योजनेत लातूर, धाराशिव आणि जालना जिल्ह्यांतील काही गावे घेतली गेली, आणि तेथे गावपातळीवर पाणी मोजण्याची साधनेही पोहोचली. ज्यांच्या गावात ती आली असतील त्यांनी ती सध्या वापरात आहेत का, हे जाऊन पाहावे आणि येथे लिहावे.

मोजण्याची रीत सोपी आहे. विहिरीच्या काठावर रंगाने एक पक्की खूण करावी आणि दरवेळी तेथूनच वजन बांधलेली टेप सोडावी. पहाटे, मोटार सुरू होण्याआधी मोजावे. रात्रभर विसावलेली पातळी आणि उपसा चालू असतानाची पातळी यांत एवढा फरक पडतो की दोन्ही एका वहीत मिसळल्या तर सगळी वही निरुपयोगी होते.

---

कयाधूचा शेजार (हिंगोली)

पाऊस आणि पाणी यांवर सर्वांनी छान लिहिले आहे. आमच्याकडे आणखी एक भीती जमिनीखाली आहे.

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत अनेक वर्षांपासून जमिनीतून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचे धक्के बसले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरातही असेच आवाज आणि धक्के सुरू होते, आणि तेथील लोकांनी कित्येक रात्री अंगणात काढल्या. ज्यांच्या घरात किल्लारीच्या आठवणी आहेत, त्यांना घाबरू नका असे नुसते सांगून भागत नाही.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. तो ६.२ रिश्टरचा होता आणि सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे त्यात गेली. पण किल्लारी परिसरात १९९२ च्या उत्तरार्धापासूनच धक्के जाणवत होते, आणि त्यांतला मोठा धक्का ऑक्टोबर १९९२ मध्ये बसला होता, ही गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक आवाज ही मोठ्या भूकंपाची सूचना असते, असा अर्थ कोणी काढू नये. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून सौम्य धक्क्यांची दीर्घ मालिका चालली आणि तिच्यापाठोपाठ किल्लारीसारखे काही झाले नाही. भूकंप केव्हा होईल हे आज जगात कोणीच सांगू शकत नाही, आणि तसे सांगणारा संदेश मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नये.

मग सामान्य माणसाने नोंदवायचे काय? धक्क्याची वेळ, आवाज आधी आला की नंतर, मांडणीवरची भांडी वाजली की खाली पडली, टांगलेला दिवा हलला का, भिंतीला नवी चीर गेली का, झोपलेली माणसे जागी झाली का. भूकंपाची जाणवलेली तीव्रता याच निरीक्षणांवरून ठरवतात. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था १९९९ पासून लोकांकडून अशी माहिती संकेतस्थळावर भरून घेते, आणि पुरेशी माणसे लिहिती झाली की कोणत्या भागात जमीन जास्त हलली याचा नकाशा काही मिनिटांत तयार होतो. आपल्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडेही लोकांनी अनुभव नोंदवण्याची सोय आहे. आमच्या भागात धक्का बसला की लोक घराबाहेर येतात, एकमेकांना फोन करतात, व्हॉट्सॲपवर शेकडो संदेश पडतात, आणि दोन दिवसांत ती सगळी माहिती वाहून जाते. त्यातले निम्मे जरी ठरावीक प्रश्नांच्या साच्यात लिहिले गेले असते तर पांगरा शिंद्याच्या आवाजांचा गावनिहाय, तारीखवार इतिहास आज अभ्यासकांच्या हाती असता. ही खंत मला मनापासून वाटते.

हैतीत तर लोकांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. २०१० च्या भूकंपातील विध्वंसानंतर तेथे संशोधकांनी नागरिकांच्या घरांत लहान, स्वस्त भूकंपमापक बसवले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ७.२ क्षमतेचा भूकंप झाला तेव्हा केंद्राजवळची मोलाची माहिती या घरगुती यंत्रांनीच पुरवली, आणि नंतरच्या हादऱ्यांचा मागोवा त्यांच्या आधारे घेता आला. यंत्राला लागते एक शांत कोपरा, वीज आणि इंटरनेट. हिंगोली-नांदेडच्या दहा-बारा शाळांत ते होऊ शकते.

---

निवृत्त तलाठी (जालना)

सर्वांचे लेखन आस्थेने वाचले. महसुलात आयुष्य गेले असल्याने एक अडचण मांडतो, ती नाउमेद करण्यासाठी नव्हे.

पावसाचा आकडा हा आपल्याकडे पैशाचा आकडा आहे. ६५ मि.मी. च्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे अनुदानाचा प्रश्न असतो, पंचनाम्याचा प्रश्न असतो, पीक विम्याचे दावे असतात. ६१ मि.मी. पाऊस झालेल्या मंडळातले शेतकरी ६८ मि.मी. झालेल्या शेजारच्या मंडळाकडे कोणत्या नजरेने पाहतात, ते मी पाहिले आहे, आणि त्यांचा राग रास्त असतो, कारण नुकसान बांधावर थांबलेले नसते. अशा स्थितीत गावाने ठेवलेल्या वहीत ६१ चे ६६ करण्याचा दबाव येणार नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. वही ठेवणारा मुलगा किंवा मुलगी त्याच गावात राहते. त्यांच्यावर हा भार टाकू नये.

विहिरींचेही तसेच आहे. आपल्या बोअरला किती पाणी आहे हे ऊस लावलेला माणूस सहजासहजी सांगत नाही. शेजाऱ्याला कळले तर भांडण, सरकारला कळले तर अधिग्रहण, अशी त्याची समजूत असते, आणि टंचाईच्या काळात विहिरी अधिग्रहित होतात हे खोटेही नाही.

---

तावरजाकाठ (लातूर)

भाऊसाहेब, आपण नेमक्या जागी बोट ठेवले. मला वाटते की गावाची वही भरपाईच्या हिशेबापासून पूर्ण वेगळी ठेवावी आणि पहिल्या ग्रामसभेतच ठरावाने तसे लिहून घ्यावे. ही वही पूर, पेरणी आणि पाणी यांसाठी आहे, अनुदान सरकारी केंद्राच्या आकड्यावरच ठरेल. असे झाले तर आकडा फुगवण्यात कोणाचा लाभ उरत नाही.

दुसरा उपाय शास्त्रातलाच आहे. एका गावात एकच मापक ठेवू नये. शाळेत एक, मंदिराच्या किंवा मशिदीच्या आवारात एक, मळ्यात एक, अशी तीन-चार ठेवली आणि शेजारच्या गावांनीही ठेवली, तर खोटा आकडा आपोआप उघडा पडतो. पाऊस अनियमित असला तरी त्याला काही एक ठेवण असते. चारी बाजूंना ३० ते ४० मि.मी. असताना मधल्या एकाच मापकात ९० आले तर ते तपासून पाहावे लागते. कधी मापकात पन्हाळीचे पाणी पडत असते, कधी खरोखरच तेथे ढग फुटलेला असतो. तपासल्याशिवाय आकडा खोडू नये आणि तपासल्याशिवाय पुढेही पाठवू नये.

विहिरींसाठी सार्वजनिक आड, शाळेची विहीर, पाणीपुरवठ्याची विहीर येथून सुरुवात करावी. खासगी विहिरींचे मालक विश्वास बसला की स्वतः पुढे येतील, आणि आले नाहीत तरी गावाचा कल सार्वजनिक विहिरींवरून बराचसा कळतो.

---

लेंडीकाठची शिक्षिका (नांदेड)

मी विज्ञान शिकवते आणि माझी शाळा मुखेड तालुक्याच्या बाजूला आहे. ऑगस्ट २०२५ मधल्या त्या रात्री मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव आणि परिसरात पाणी शिरले, माणसे आणि जनावरे गेली, हे सर्वांनी वाचले असेल. माझ्या वर्गातली मुले त्या रात्रीबद्दल आजही सांगतात, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे पाणी किती वेगाने चढले. वरच्या अंगाला किती पाऊस होतो आहे, हे खालच्या गावाला अंधारात कळत नाही. आपल्या गावात रिपरिप असते आणि ओढा मात्र फुगत असतो.

यासाठी मुलांकडून एक साधे काम करून घ्यावे असे मला वाटते. ओढ्यावरच्या पुलाच्या खांबावर तैलरंगाने दर पाव मीटरला पट्टे आणि आकडे रंगवायचे, खालून वर पांढरा, पिवळा आणि लाल. पुलाच्या फरशीच्या अर्धा मीटर खाली लाल पट्टा सुरू झाला पाहिजे, कारण पुलावरून पाणी जाऊ लागल्यावर ते मोजून काय करायचे? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या पुरांचे पाणी कोठवर आले होते त्या खुणाही भिंतींवर आणि पारावर करून घ्याव्यात. आजी-आजोबा ‘पाणी मारुतीच्या पायरीला लागले होते’ असे सांगतात, ती पायरी पट्टीने मोजली की तो शास्त्राचा आकडा होतो.

पुढे वरच्या आणि खालच्या गावांनी मिळून वेळेची नोंद करावी. वरच्या गावात पाणी पिवळ्या पट्ट्याला लागले ती वेळ आणि खालच्या गावात लागले ती वेळ. दोन-तीन पावसाळ्यांत पाण्याला उतरायला साधारण किती वेळ लागतो याचा अंदाज येईल. तेवढाच वेळ खालच्या गावाला म्हाताऱ्या माणसांना उठवायला आणि दावणीची जनावरे सोडायला मिळणार असतो. जनावरांची दावी सोडण्याचे काम आमच्याकडे बहुधा बायकाच करतात, म्हणून इशारा फक्त सरपंच आणि पोलीस पाटलांच्या फोनवर न जाता बचत गटाच्या महिलांपर्यंत आधी गेला पाहिजे.

एक व्यावहारिक अडचण सांगते. शाळेत सुरू झालेला उपक्रम बहुतेक वेळा एका शिक्षकाच्या बळावर चालतो आणि त्याची बदली झाली की मापक कपाटात जाते. शिवाय मे महिन्यात शाळा बंद असते, दिवाळीच्या सुट्टीतही परतीचा पाऊस गाठतो. म्हणून वही शाळेची असली तरी जबाबदारी शाळा, बचत गट आणि ग्रामपंचायत अशी तिघांत वाटलेली असावी.

---

मोसंबीवाला (अंबड)

गारपिटीचाही विचार व्हावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्या बागांनी पाहिली आहे. कोकोराझमध्ये थर्मोकोलच्या तुकड्याला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळून तो उघड्यावर ठेवतात आणि गारांचे खड्डे मोजून त्यांचा आकार आणि मारा ठरवतात, हे वाचले होते. खर्च काहीच नाही. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे, ते शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावे. आमच्याकडे वीज पडून माणसे जातात ती बहुतेक झाडाखाली आडोसा घेताना.

---

चिरेबंदी (धाराशिव)

मी बांधकामाच्या व्यवसायात आहे. भूकंपाच्या नोंदीविषयी वर लिहिले आहे त्यात एक भर घालतो. धक्का मोजण्यापेक्षा घर मोजणे आपल्या हातात जास्त आहे.

किल्लारीत माणसे मेली ती जमीन हलल्यामुळे नव्हे, तर घरे अंगावर आल्यामुळे. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारे लांब दगड नाहीत, आणि वर लाकडावर रचलेले मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ते घर गार राहते, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेले. हादऱ्यात मात्र भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि माळवद खाली येते.

गावातील प्रत्येक घराची अशी पाहणी दहावी-बारावीची मुले करू शकतात. भिंत कशाची आहे, मातीतली की सिमेंटमधली, माळवद आहे की पत्रा, माळवदावर दरवर्षी नवी माती टाकून जाडी किती वाढली आहे, कोपऱ्यांत उभ्या चिरा आहेत का, भिंतीला पोट आले आहे का, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा आहे का. पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड हा आणखी एक धोका आहे. हिंगोली-नांदेडकडच्या २०२४ च्या धक्क्यांनंतर ते उतरवण्याचे आवाहन प्रशासनाने केले होते. मुलांनी यादी करावी, अंतिम मत अभियंत्याने द्यावे. यादी तयार असेल तर अभियंत्याला तीनशे घरे फिरण्याऐवजी धोक्याची तीस घरे आधी पाहता येतात.

भूकंपानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कितीतरी अधिक गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, आणि तेथे स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. घरमालकाला मजबुतीकरणाची माहिती देणे, काम नीट होते आहे का ते पाहणे, सरकार आणि गाव यांत निरोप पोहोचवणे ही कामे त्यांनी केली. घराच्या चिरा वाचायला शिकलेल्या त्या बायका आज साठी-सत्तरीत असतील. त्यांना शाळेत बोलावून मुलांना शिकवायला सांगावे, त्यांच्याइतका अनुभव पुस्तकात मिळणार नाही.

फोनवर येणाऱ्या भूकंपाच्या इशाऱ्याबद्दल कोणी विचारील म्हणून लिहितो. अँड्रॉइड फोनमधील सेन्सरच्या मदतीने चालणारी ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. पण पहिली सौम्य लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर आणि नुकसान करणारी लहर साडेतीन किलोमीटर वेगाने येते. भूकंपाचे केंद्र वीस किलोमीटरवर असेल तर दोन्हींत दोन-अडीच सेकंदांचेच अंतर उरते. त्यामुळे आपल्या भागात भरवसा ठेवायचा तो भिंतीवर.

---

गोदावरीचे खोरे (परभणी)

आकडा दिसला की काय करायचे ते आधी ठरवावे, या धागालेखकांच्या पहिल्या लेखातील मुद्द्याला केरळचे उदाहरण देतो. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था शेतकऱ्यांच्या मळ्यांत ठेवलेल्या पर्जन्यमापकांचे मोठे जाळे चालवते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कै-चूरलमला येथे दरड कोसळली, त्याच्या आदल्या दिवशीच पावसाच्या या नोंदींवरून तेथे दरडीचा धोका असल्याचे संस्थेने कळवले होते. मापके होती, आकडे बरोबर होते, इशाराही वेळेवर गेला होता. तरीही त्या पहाटे शेकडो माणसे आपापल्या घरांत झोपलेली होती.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात कोणी काय करायचे ते नावानिशी असावे. किती तासांत किती मि.मी. पाऊस झाला की नदीकाठची घरे रिकामी करायची, ते सांगण्याचा अधिकार कोणाचा, मंदिराचा भोंगा कोण लावणार, शाळेची किल्ली रात्री कोणाकडे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कोण उचलणार. गावात ‘आपदा मित्र’ म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण असतील तर ही कामे त्यांच्यात वाटावीत. वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाची वाट पाहावी लागेल असा इशारा रात्री दोन वाजता उपयोगाचा नसतो. इशारा दिला आणि पूर आला नाही, असेही दोन-चार वेळा होईल. तेव्हा इशारा देणाऱ्याला कोणी दोष द्यायचा नाही, हेही त्याच ठरावात लिहावे.

---

नवा सदस्य (औसा)

सर, मला या जूनपासून आमच्या गावात सुरुवात करायची आहे. विकतचे मापक नाही. माझ्याकडे वीस सेंटिमीटर व्यासाची नरसाळी आहे आणि दोन लिटरची पाण्याची बाटली आहे. चालेल का? हिशेब कसा करायचा?

---

तावरजाकाठ (लातूर)

जरूर चालेल, फक्त बाटली बदला. वीस सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे १ मि.मी. पावसाला ३१.४ मिलिलिटर पाणी जमते. जमलेले पाणी दवाखान्यात मिळणाऱ्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने मोजावे आणि मिलिलिटरला ३१.४ ने भागावे. पाणी ९४२ मिलिलिटर भरले तर पाऊस ३० मि.मी. झाला.

दोन लिटरची बाटली या हिशेबाने ६४ मि.मी. च्या आतच भरून वाहू लागेल. म्हणजे ज्या रात्रीचा आकडा आपल्याला सर्वांत जास्त हवा असतो, नेमकी त्याच रात्रीची नोंद हातची जाईल. दहा लिटरचा कॅन घ्या, त्यात ३०० मि.मी. हून अधिक पाऊस मावतो. कॅन जमिनीत निम्मा पुरून बसवा म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि सपाट राहील असे पाहा, आणि काडीकचरा जाऊ नये म्हणून तोंडाशी बारीक जाळी लावा. जाळी दर आठवड्याला काढून धुवावी लागेल. पहिल्या पावसात धुळीने ती हमखास तुंबते.